आतून तापलेली पेटी

माझ्या थोरल्या भावाचे हात मला जितके ओळखीचे आहेत तितके माझे स्वतःचेही नाहीत. लहानपणी त्या हातांचा मार मी रोज खाल्ला, तोही पाठमोरा. दादा दोन वर्षांचा असतानाच पोलिओने त्याचे दोन्ही पाय गेले. मी त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटा. शाळा ओढ्यापलीकडे आणि वडील लवकर वारलेले, त्यामुळे मी तिसरीत गेलो तेव्हापासून त्याला पाठीवर घेऊन शाळेत पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पायांचं काही वजन नव्हतं, पण वरचं अंग चांगलं दणकट होतं. तो पाठीवर बसून मला बैलासारखा हाकायचा. चाल मंदावली की टाळूवर टपली, पाय घसरला की कानाखाली. शाळेत पोचेपर्यंत माझं डोकं भणभणत असायचं.

मीही काही गरीब गाय नव्हतो. एकदा ओढ्याला कमरेएवढं पाणी असताना मी त्याला मधोमध सोडून दिलं आणि काठावर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आता हाक मारेल, हात जोडेल. नाकातोंडात पाणी गेलं तरी त्याने हाक मारली नाही. कोपरांवर सरपटत, दगड धरत तो काठाला आला, माझा घोटा पकडला आणि कचकन चावला. तो वण अजून आहे. मायने विचारलं तर आम्ही दोघांनीही कुत्र्याचं नाव सांगितलं आणि मला फुकटची इंजेक्शनं घ्यावी लागली.

पुढे दादा पालमला मोटार रिवाइंडिंगचं काम शिकला. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, वार्निशात बुडवायची, भट्टीत सुकवायची. या कामाला पाय लागत नाहीत. चारपाच वर्षांत त्याने एसटी स्टँडच्या मागे स्वतःचं दुकान टाकलं आणि जिंतूरपासून गंगाखेडपर्यंतच्या मोटारी त्याच्याकडे यायला लागल्या. गाव ते पालम अकरा किलोमीटर. रोज सकाळी मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवायचो, त्याचे पाय सीटला धरून राहत नाहीत म्हणून एका पंच्याने त्याला माझ्या कमरेशी बांधायचो आणि न्यायचो. दिवसभर दुकानात त्याच्या हाताखाली राबायचो. संध्याकाळी परत बांधायचो. परभणीला राहून मी बीएस्सी केलं तेवढी तीन वर्षं सोडली तर माझी पाठ कधी मोकळी नव्हती. त्या तीन वर्षांत गावातल्या कुणाकुणाचे उपकार घेत तो पालमला गेला, आणि त्याचाही राग त्याने माझ्यावरच काढला.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर परभणीच्या एका शाळेत मला प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली. हजर व्हायचं होतं जूनमध्ये. घरी सांगितलं तेव्हा माय पुढच्या खोलीत कापसाच्या गंजीपाशी बसली होती. आमच्याकडे कापूस घरात आला की भाव वाढेपर्यंत पुढच्या खोलीत छताला टेकेल इतका रचलेला असतो, आणि माय रोज सकाळी त्यात कोपरापर्यंत हात घालून बघते. दादा म्हणाला, जा की.

त्या ‘जा की’ने माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, कसा जाऊ? तुला काय डोक्यावर घेऊन जाऊ? माझं लग्न होत नाही, माझी नोकरी होत नाही, माझ्या पाठीवर आयुष्यभर तूच बसलेला. हे मी बोललो ते खरं होतं, म्हणूनच बोलायला नको होतं. त्याच्या हाताशी पक्कड होती. ती माझ्या भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं तसा मी त्याच्या छाताडावर बसलो आणि दोन्ही हातांनी बदडून काढलं. मायने पाण्याची कळशी आमच्या अंगावर ओतली तेव्हा आम्ही थांबलो.

दुसऱ्या दिवशी भुवईला चार टाके घेऊन मी मोटारसायकल चालवत होतो आणि तो पंच्याने माझ्याशी बांधलेला होता. सुजलेल्या तोंडाने तो माझ्या कानात म्हणाला, “जूनपस्तोर मी माझा जायला लागतो बघ. न्हाई जमलं तर मला वड्यात सोड, आन या टायमाला काठावर थांबू नको.”

तयार तीनचाकी गाडी मिळते, अर्ज केला तर सवलतीतही मिळते, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्यावर बसलो की लोक म्हणणार बिचाऱ्याला दिली, असं त्याचं म्हणणं. बिचारा हा शब्द त्याला आईवरच्या शिवीपेक्षा जास्त लागायचा. म्हणून गाडी घरीच करायची ठरली. एक मोडकी स्कूटर घेतली, तिला मागे दोन चाकांचा आस जोडला. नांदेडच्या भंगारातून ई-रिक्षाची जळालेली मोटार आणली, ती दादाने स्वतः भरली. तिथूनच फुटक्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचे सेल आणले, एकेक तपासून चांगले निवडले. सेलची पेटी दादाच्या सीटमागे बसवली. पेटीचं झाकण मागच्या बाजूला उघडायचं, म्हणून माझं सीट पेटीच्या वरच, टांग्यासारखं उलट्या तोंडाचं ठेवलं. तो पुढे बघून चालवणार, मी मागे बघत पेटीवर हात ठेवणार. पाठीला पाठ.

थंडीत गाडी मस्त पळाली. माघात गावातले लोक ओट्यावर उभं राहून बघायचे आणि दादा ऐटीत हॉर्न वाजवायचा. खरी गाठ पडली ती फाल्गुनानंतर. आमच्याकडचं ऊन कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. दुपारी बाराला डांबर चपलेला चिकटतं. त्यात लोखंडी पेटी, खाली तापलेली मोटार, वर दोन माणसं. एक दिवस मोटारीला वीज पुरवणारी डबी, तिला कंट्रोलर म्हणतात, ती फट्कन जळाली.

दादा वाइंडिंगवाला. त्याने वाइंडिंगवाल्याचा इलाज काढला. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर उन्हात उभा राहून जळत नाही, कारण तो तेलात बसलेला असतो. मग दुसरा कंट्रोलर आणला, त्याचं कवच काढलं आणि स्टीलच्या डब्यात ट्रान्सफॉर्मरचं तेल भरून त्यात बुडवून टाकला. तारा झाकणातून बाहेर, भोकांना एम-सील. माय तीन दिवस माझा जेवणाचा डबा शोधत होती. सापडला तेव्हा तो गाडीला बोल्टने आवळलेला होता. पण इलाज लागू पडला. पालमला पोचल्यावर डब्याला हात लावला तर नुसता कोमट. दादाने त्या दिवशी मला स्वतःहून चहा पाजला, म्हणजे बघा.

राहिली सेलची पेटी. तिला त्याने ओलं गोणपाट गुंडाळलं. गोणपाट वाळून जायचं, म्हणून मेडिकलमधून सलाइनची नळी आणली, वर पाण्याची बाटली उलटी टांगली आणि थेंब थेंब पाणी गोणपाटावर सोडलं. गावात झालं, गाडीला सलाइन लावलंय, आता काय खरं नाही. दादा ऐकून हसायचा, कारण गोणपाट खरोखर गार राहायचं. मी उलटा बसून त्याच्यावर हात ठेवायचो आणि ओरडून सांगायचो, गार आहे, चल.

माय एकदा अंगणात गाडीजवळ आली. गोणपाटाला हात लावून म्हणाली, “वरून गार हाय. आत हात घालून बघितलं का?”

आम्ही दोघं हसलो. दादा म्हणाला, माय, ही कापसाची गंजी न्हाई. ती भाकरी करायला गेली.

आता त्या पेटीत काय होतं ते सांगितलं पाहिजे. वाइंडिंगच्या धंद्यात पहिला धडा हा की तार सैल राहिली तर मोटार मेली. तारेला तार भिडलेली पाहिजे, मध्ये वाराही शिरता कामा नये. वरून सुती पट्टी करकचून आवळायची आणि सगळं वार्निशात बुडवायचं, म्हणजे दगडासारखं घट्ट होतं. दादाच्या हाताला तीच सवय. त्याने सेलही तसेच बांधले होते. सेलला सेल भिडवून, सुती पट्टीने आवळून, वर दोन हात वार्निश. इतकं सफाईदार काम की मी कौतुकाने फोटो काढला होता. आत तापलेला सेल आपली धग शेजाऱ्याला देणार, शेजारी पलीकडच्याला, आणि बाहेर पडायला कुणालाच वाट नाही, हे भौतिकशास्त्र शिकलेल्या माझ्याही डोक्यात आलं नाही. लाज वाटते, पण खरं आहे.

सेलांच्या सोबत एक छोटं राखण करणारं सर्किट होतं. आत उष्णता वाढली की ते वीज तोडायचं. एप्रिलात ते रोज तोडायला लागलं. कधी ओढ्याच्या पुलावर, कधी फाट्यावर गाडी मुकाट उभी. मग मी ढकलायचो. दादाचा संताप व्हायचा, कारण मी ढकलणार असेन तर गाडी कशाला केली? जून दीड महिन्यावर आला होता. तो एकटा असताना गाडी अशी उन्हात थांबली तर काय, हा प्रश्न आम्ही दोघंही तोंडातून काढत नव्हतो.

मग अचानक गाडी थांबायची बंद झाली. आठवडाभर एकदाही नाही. मी विचारलं, काय केलंस? म्हणाला, सलाइन वाढवलं.

तो दिवस शनिवारचा. भर दुपारी गाडी टिकते का ते बघायचं म्हणून बाराला दुकानाचं शटर ओढून आम्ही गावाकडे निघालो. आठनऊ किलोमीटर गेल्यावर मांडीखाली चटका जाणवला. गोणपाटाला हात लावला, तर गार. झाकणाच्या फटीपाशी हात नेला आणि झटक्यात मागे घेतला. आतून वाफ येत होती आणि तिला गोडसर, घशाला झोंबणारा वास होता.

मी ओरडलो, थांब. तो म्हणाला, दोन किलोमीटर राहिलं. मी पुन्हा ओरडलो. तो थांबेना. मी वळून मागून त्याच्या गळ्यात हात घातला तशी त्याने कोपराची अशी ढुसणी दिली की माझ्या नाकातून रक्ताची धार लागली. गाडी कलंडत रस्त्याच्या कडेला गेली आणि बाभळीला धडकून उभी राहिली. झाकणातून पांढरा धूर यायला लागला होता. मी खाली उडी मारली आणि त्याला उचलायला गेलो, तर त्याने दोन्ही हातांनी हँडल धरलेलं. म्हणाला, तार तोडतो, एक तार तोडली की थांबतं, सोड मला. मी त्याचे केस धरून ओढलं. सुटेना. ते हात सुटणारे हात नव्हते, मला ठाऊक होतं. पायाशी पडलेला पाना मी उचलला आणि त्याच्या बोटांवर हाणला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि हँडल सुटलं. त्याला काखेत धरून मी सातआठ पावलं फरफटत नेलं आणि टाकलं.

रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली रसवंती होती. तिथे बसलेल्या लोकांनी काय पाहिलं? एक धडधाकट माणूस पांगळ्याला पान्याने मारतोय, केस धरून गाडीवरून ओढतोय, धुळीतून फरफटवतोय. ते चारपाच जण धावत आले. मी तोंड उघडायच्या आत पाठीत उसाचा पहिला टिपरा बसला. उसाचा मार ज्याने खाल्ला नाही त्याला कळायचं नाही, ऊस ओला असतो आणि मोडत नाही. एकाने लाथ घालून मला पाडलं. दुसरा बरगड्यांवर उभा राहिला. लंगड्याला मारतो का रे, असं म्हणत ते मारत होते आणि मी एकाच गोष्टीकडे बघत होतो. दादा धुळीत बसला होता, मोडलेला हात मांडीवर घेऊन. तो सगळं बघत होता. हा माझा भाऊ आहे, सोडा त्याला, एवढे शब्द त्याच्याकडे होते. तो बोलला नाही.

त्याला मी त्या क्षणी मनातून मारून टाकलं होतं, हे कबूल करतो.

मग पेटीतला पहिला सेल फुटला. बंदुकीसारखा बार झाला आणि एक जळता तुकडा रसवंतीच्या ताडपत्रीवर जाऊन पडला. लगेच दुसरा, तिसरा. पेटीच्या झाकणातून ज्वाळेचा फवारा निघाला. मला मारणारे होते नव्हते ते सगळे पळाले. वार्निश पेटलं होतं, सुती पट्टी पेटली होती, आणि सेल एकामागून एक उडत होते. एक दादाच्या पायावर पडला. त्या पायांना चटका कळतो, नुसतं हलता येत नाही. तो एका हाताने सरकायला बघत होता आणि जागचा हलत नव्हता.

मी उठलो कसा ते आठवत नाही. बरगड्यांतून कळ येत होती. त्याच्यापुढे उकिडवा बसलो, त्याने गळ्यात हात टाकला, मी उठलो आणि पळालो. मागे आग, पाठीवर तो. वीसेक पावलं गेलो असेन, तेव्हा त्याने चांगल्या हाताने माझ्या टाळूवर फाडकन टपली दिली.

“पळ की जोरात,” तो म्हणाला.

आम्हाला त्याच रसवंतीवाल्यांनी जीपमधून पालमच्या दवाखान्यात नेलं. माझ्या दोन बरगड्यांना चिरा, त्याची दोन बोटं मोडलेली, नडगीवर भाजलेलं. खाटा शेजारीशेजारी. रसवंतीवाला माफी मागत होता आणि रसाचा जग भरून घेऊन आला होता. तो गेल्यावर आम्ही पंख्याकडे बघत पडून राहिलो.

इथे एक सांगायचं राहिलं. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये एक रिले असतो. मोटार तापली की तो आपसूक सुटतो आणि मोटार बंद पडते. पण आमच्याकडे लाइट आहे तोवर शेत भिजवून घ्यायचं असतं, म्हणून लोक त्या रिलेत काडी खुपसतात. काडी लागली की रिले सुटत नाही, मोटार चालत राहते आणि जळते. दादाच्या दुकानाचा अर्धा धंदा त्या काडीवर चालतो. जळकी मोटार घेऊन गिऱ्हाईक आलं की तो पहिला प्रश्न हाच विचारतो आणि आजपर्यंत एकाही माणसाने हो म्हटलेलं नाही. मग दादा त्यांच्या सात पिढ्या उद्धरतो.

तो प्रश्न मी त्याला त्या दिवशी विचारला. “काडी लावली होतीस ना?”

“न्हाई,” तो म्हणाला.

मी छत बघत राहिलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, “लावली होती. त्या सर्किटला बगल देऊन जाड तार वढली. लय बेजार केलं हुतं त्यानं.”

मग मी दुसरं विचारलं. ते लोक मला मारत होते तेव्हा तू गप्प का बसलास?

त्याने मान वळवली नाही. “मला बी मारायचंच हुतं तुला,” तो म्हणाला. “माझा हात पुरत न्हवता. म्हणून त्यांना मारू दिलं.”

मला उठून त्याचा गळा दाबावासा वाटला, पण बरगड्यांनी उठू दिलं नाही. आणि पडल्या पडल्या मला हसू फुटलं. हसलं की बरगड्यांत कळ, कळ आली की शिवी, शिवी ऐकून तो हसायला लागला. नर्सबाई येऊन दोघांवर खेकसून गेल्या. आयुष्यभर मी त्याला वाहत होतो म्हणून माझा राग मोठा, असं मी धरून चाललो होतो. ज्याला रोज कुणाच्या तरी पाठीवर बसावं लागतं त्याचा राग केवढा असेल, ते मला त्या खाटेवर कळलं. तिशी ओलांडल्यावर.

माय संध्याकाळी आली. दोघांच्या तोंडावरून तिने हात फिरवला आणि मग खाटेशी बसून कापसाबद्दल बोलायला लागली. पहिल्यांदा वाटलं, धक्क्याने बहकली. ती सांगत होती, कापूस रचताना ती गंजीच्या मध्ये तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, पेंढ्या उभ्या रोवते. एकावर एक कापूस दाबला की आत ऊब धरते, आणि ऊब धरली की सरकी खराब होते, कधी धूरसुद्धा निघतो. पेंढी असली की तिच्यातून धग वर निघून जाते. ती म्हणाली, “ह्ये तुमाला मी तवाच सांगायले हुते. दोघं बी शाने. लेकरांनो, तापलेल्याला मोकळं ठिवावं लागतं.”

दादाने मला दुकानातल्या बांबूच्या पट्ट्या आठवतात का असं विचारलं. मोटारीच्या खाचेत तार बसवल्यावर वरून बांबूची पातळ पट्टी ठोकतात, तिचे गठ्ठे दुकानात पडलेले असतात. दवाखान्याच्या कागदाच्या मागे त्याने डाव्या हाताने वाकडीतिकडी आकृती काढली. सेल, पट्टी, सेल, पट्टी. प्रत्येकाच्या मध्ये बोटभर फट. पेटीला पुढून जाळी, मागून जाळी, म्हणजे गाडी चालली की वारा आरपार जाईल. गोणपाट नाही, पाणी नाही, वार्निश तर नाहीच.

मे महिनाभर आम्ही दुसरी पेटी बांधली. त्याचा उजवा हात फळीत होता, त्यामुळे हात माझे आणि डोकं त्याचं. पट्टी तिरकी बसली की त्याच्या डाव्या हातातली लाकडी पट्टी माझ्या बोटांवर बसायची. मी उलटून त्याचं मोडलेलं बोट दाबायचो. जळालेल्या गाडीची मोटार वाचली होती आणि तेलातला डबाही वाचला होता, वरून काळा पडलेला. माय रोज येऊन सेलांच्या फटीत बोट घालून बघायची. राखणीचं सर्किट परत बसवताना मी त्याच्याकडे बघितलं.

“थांबली तर थांबंल,” तो म्हणाला. “मी बी थांबंन.”

उलटा बसून मी रोज झाकणात हात घालत होतो. पेटी तापायची, पण हात ठेवता येईल इतकीच. गाडी थांबायची, दोनतीन दिवसांतून एकदा. दहापंधरा मिनिटं उभी राहिली की सर्किट आपण होऊन जोडलं जायचं. ती दहापंधरा मिनिटं त्याला जड जायची. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस विचारायचा, ढकलू का, आणि तो प्रत्येकावर तुटून पडायचा.

शाळेत हजर व्हायच्या दिवशी पावसाचा पत्ता नव्हता. ऊन मे महिन्याचंच. दादा म्हणाला, आज तू माझ्यासोबत बसायचं न्हाई. तुझी एसटी तू धर. तो आधी निघाला. पहिल्यांदाच एकटा. मायने मला दारात पाच मिनिटं अडवून ठेवलं. मग मी पिशवी घेऊन फाट्यावर चालत आलो.

फाट्यावर पोचलो तर लिंबाच्या सावलीत गाडी उभी. दादा सीटवर बसलेला, घामाने निथळत, पेटीचं झाकण उघडं टाकून. म्हटलं, झालं, संपलं, नोकरी संपली. मी पिशवी धुळीत टाकली आणि त्याच्यापुढे जाऊन पाठ करून उकिडवा बसलो. विचार करून नव्हे. माझे गुडघे आपोआप वाकले. वीस वर्षं वाकतच आले होते.

पाठीवर वजन आलं नाही. टाळूवर टपली बसली, जोराची.

“ऊठ,” तो म्हणाला. “तुझी बस यील.”

मी उठलो. त्याने हात पेटीत घातला, कोपरापर्यंत, माय घालते तसा. थोडा वेळ तसाच ठेवला. मग झाकण लावलं, किल्ली फिरवली. दिवा हिरवा झाला. तो माझ्याकडे न बघता निघून गेला.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. इतकी वर्षं तो माझ्या पाठीवर होता, नाहीतर माझ्या पाठीला पाठ लावून होता. त्याची पाठ अशी लांब जाताना मी कधी बघितली नव्हती. शर्ट दोन्ही खांद्यांच्या मधोमध चांगला वीतभर उसवलेला होता आणि आतून बनियन दिसत होतं. किती दिवसांपासून तसा होता कोण जाणे. मला रडू आलं, आणि रागही आला, की हा असा फाटका शर्ट घालून दुकानात जातो आणि मला कुणी सांगितलं नाही. वळणाशी गाडी बारीक झाली, मग दिसेनाशी झाली. परभणीची बस येऊन उभी राहिली, कंडक्टरने दोनदा बेल मारली, तेव्हा मी पिशवी उचलली आणि चढलो.